१९७९ : तीन हुकूमशहा आणि एक कायदा

इसवी सन १९७९ हे वर्ष हुकूमशहांना मानवले नाही. जानेवारीत इराणचा शहा देश सोडून गेला, जुलैत निकाराग्वाचा सोमोझा पळाला. या दोघांना त्यांच्याच प्रजेने घालवले. तो त्या त्या देशाचा घरचा मामला होता. पण त्याच वर्षी आणखी तिघांची सत्ता गेली आणि ती परक्या सैन्याच्या बळाने गेली. ७ जानेवारीला कंबोडियाचा पॉल पॉट, ११ एप्रिलला युगांडाचा इदी अमीन आणि २० सप्टेंबरच्या रात्री मध्य आफ्रिकेचा स्वयंघोषित सम्राट बोकासा. तिघेही असे की, त्यांच्या जाण्याने कोणाही शहाण्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आले नसेल. तिन्ही वेळा प्रश्न एकच होता. राजा कितीही दुष्ट असो, त्याला काढण्यासाठी दुसऱ्या देशाने फौज पाठवावी काय? कायदाही एकच होता. निकाल मात्र तीन तऱ्हांचे लागले.

कायदा काय आहे ते आधी पाहू, म्हणजे पुढचा गुंता नीट दिसेल. राष्ट्रसंघाची सनद १९४५ साली झाली. तिच्या दुसऱ्या कलमाचे चौथे पोटकलम सांगते की, कोणत्याही राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राच्या भूमीविरुद्ध वा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर करू नये. याला वाटा दोनच. एक्कावन्नाव्या कलमाप्रमाणे, सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षण करता येते. आणि सुरक्षा समितीने ठराव करून परवानगी दिली तर कारवाई करता येते. 'तेथला राजा प्रजेला छळतो' अशी तिसरी वाट सनदेच्या कर्त्यांनी ठेवली नाही. ते काही निर्दय लोक नव्हते. १९३८ साली सुदेतेन प्रांतातल्या जर्मनांचा छळ होतो असा कांगावा करूनच हिटलरने चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडले होते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. परदुःखाचा कळवळा हे चढाईचे उत्तम निमित्त असते, एवढे ते शिकले होते.

आता युगांडा. आपल्याकडच्या वाचकाला हा देश अगदीच परका नाही. गुजरातेतील कित्येक घरांची एक पिढी कंपाला आणि जिंजा येथील दुकानांत वाढली, आणि गोवेकर मंडळी तर ब्रिटिश अमदानीपासून तेथील सरकारी कचेऱ्यांत कारकून, हिशेबनीस म्हणून होती. एंटेबी आणि कंपाला येथे त्यांच्या स्वतःच्या संस्था होत्या. इदी अमीनने २५ जानेवारी १९७१ रोजी सत्ता बळकावली, तेव्हा अध्यक्ष मिल्टन ओबोटे राष्ट्रकुल परिषदेसाठी सिंगापूरला गेले होते. ऑगस्ट १९७२ मध्ये अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत देऊन देशाबाहेर काढले. पन्नास हजारांहून अधिक माणसे हातातल्या बॅगांनिशी निघाली. आपल्याला अमीन आठवतो तो या कारणाने. पण युगांडाच्या लोकांनी जे सोसले त्यापुढे आपले हे दुःख लहान आहे. त्याच्या आठ वर्षांच्या राजवटीत मारल्या गेलेल्यांचे अंदाज ऐंशी हजारांपासून पाच लाखांपर्यंत जातात. फेब्रुवारी १९७७ मध्ये आर्चबिशप जनानी लुवुम यांनी निषेधाचे पत्र दिले, तर त्यांनाच मारून मोटार अपघाताची बातमी देण्यात आली.

आणि हा मनुष्य १९७५-७६ साली आफ्रिकी एकता संघटनेचा अध्यक्ष होता! तिची शिखर परिषद जुलै १९७५ मध्ये कंपालातच भरली. तिच्यावर बहिष्कार टाकणाऱ्या थोड्या देशांत शेजारचा टांझानिया होता. टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना त्यांची जनता 'म्वालिमू' म्हणे. म्वालिमू म्हणजे गुरुजी. ते खरोखरच शाळामास्तर होते, आणि शेक्सपिअरचे 'ज्युलियस सीझर' त्यांनी स्वाहिलीत आणले होते. सत्ताधीशाला मारावे की नाही या प्रश्नावरच उभे असलेले नाटक त्यांनी ओळ न् ओळ तोलून पाहिले होते, ही गोष्ट मला योगायोगापेक्षा जरा अधिक वाटते. असो. त्यांचे हात मात्र अगदीच कोरडे नव्हते. त्यांनी अमीनला कधीच मान्यता दिली नाही, ओबोटेंना आश्रय दिला, आणि सप्टेंबर १९७२ मध्ये ओबोटेंच्या माणसांनी टांझानियाच्या भूमीवरूनच युगांडात घुसण्याचा एक फसलेला प्रयत्न केला. अमीनने उत्तरादाखल बुकोबा आणि म्वांझा या गावांवर बॉम्ब टाकले. मोगादिशूत तह झाला. वैर राहिले.

ऑक्टोबर १९७८ अखेर अमीनच्या फौजा टांझानियात घुसल्या. कागेरा नदीच्या उत्तरेकडचा सुमारे अठराशे चौरस किलोमीटरचा पट्टा त्यांनी घेतला, नदीवरचा क्याका येथील पूल उडवला, साखर कारखाना लुटला, गुरे हाकून नेली, माणसे मारली. १ नोव्हेंबरला अमीनने हा मुलूख आपल्या देशाला जोडल्याचे जाहीर केले. पंचवीस मिनिटांत जिंकला अशी फुशारकी वर. न्येरेरेंनी दुसऱ्याच दिवशी राष्ट्राला सांगितले की, याला मारायचे कारण आपल्यापाशी आहे, ताकद आहे आणि निश्चयही आहे.

इथवर कायदा स्वच्छ आहे. हल्ला झाला, स्वसंरक्षण आले. महिनाभरात टांझानियाने आपला मुलूख मोकळा केला. खरा पेच तेथून पुढे आहे. जानेवारी १९७९ मध्ये टांझानियाची फौज सीमा ओलांडून मुटुकुलाला पोचली. फेब्रुवारीत मसाका आणि म्बरारा पडले. मार्चमध्ये लुकाया येथे अमीनच्या मदतीला आलेल्या लिबियन सैन्याशी गाठ पडली. ११ एप्रिलला कंपाला हाती आले. चोराला अंगणातून हुसकावणे हे स्वसंरक्षण. पण त्याच्या घरापर्यंत पाठलाग करून त्याची खुर्चीच काढून घेणे हेही स्वसंरक्षण काय?

न्येरेरेंचे उत्तर फार विचारपूर्वक दिलेले आहे आणि मला ते या साऱ्या प्रकरणाचे मर्म वाटते. ते म्हणाले, येथे युद्धे दोन आहेत. एक टांझानियाचे, आपल्यावरचा हल्ला परतवण्याचे. दुसरे युगांडाच्या लोकांचे, अमीनला घालवण्याचे. त्या दुसऱ्या युद्धाला शरीर यावे म्हणून मार्चअखेर टांझानियातच मोशी येथे युगांडाच्या देशत्यागी गटांची परिषद भरवली गेली, आघाडी बनली, युसुफ लुले यांना पुढारी निवडले गेले. आता हे सर्वांना ठाऊक होते की कंपालाकडे जाणाऱ्या फौजेत टांझानियाचे सैनिक बहुसंख्य होते. म्हणजे हा दुसऱ्या युद्धाचा युक्तिवाद बराचसा मुलामा होता. पण मुलामा तरी कशासाठी? 'अमीन राक्षस होता, म्हणून आम्ही त्याला काढला आणि तो आमचा हक्कच होता' असे न्येरेरेंना सहज म्हणता आले असते. टाळ्याही मिळाल्या असत्या. ते त्यांनी म्हटले नाही. आफ्रिकेतल्या बहुतेक सीमा साहेबाने फूटपट्टीने ओढलेल्या. एकदा का बळकट शेजाऱ्याने दुबळ्या शेजाऱ्याचा राजा बदलायचा हक्क मिळवला, तर त्या खंडात कोणाचे घर शाबूत राहिले असते? त्यांनी कृत्य केले, पण त्या कृत्याचा नियम होऊ दिला नाही.

जुलैत मनरोव्हियाला आफ्रिकी संघटनेची परिषद भरली तेव्हा सुदानच्या निमेरींनी आणि नायजेरियाच्या ओबासांजोंनी टांझानियावर ताशेरे झाडले. न्येरेरेंनी उलट विचारले की, अमीनने कागेरा घेतले तेव्हा ही संघटना कोठे होती? याला कोणापाशी उत्तर नव्हते. सुरक्षा समितीने या युद्धावर एकही ठराव केला नाही. नव्या सरकारला ब्रिटनसह अनेकांनी लगोलग मान्यता दिली. थोडक्यात, जगाने डोळे मिटून घेतले आणि मान डोलावली.

आता कंबोडिया पाहा. १७ एप्रिल १९७५ रोजी पॉल पॉटच्या ख्मेर रूजने नॉम पेन्ह घेतले आणि सारे शहर खेड्यांकडे हाकलले. पावणेचार वर्षांत, सुमारे पाऊण कोटी वस्तीच्या देशात, पंधरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, कष्टाने आणि कत्तलीने गेली. शाळांची कारागृहे झाली. नॉम पेन्हमधल्या तुओल स्लेंग या हायस्कुलात फळ्यांच्या खोल्यांत माणसे साखळदंडांनी बांधली गेली. ज्याने आयुष्य वर्गखोल्यांत काढले त्याला त्या खोल्यांची छायाचित्रे पाहवत नाहीत. व्हिएतनामच्या सीमेवरही ख्मेर रूजचे हल्ले चालूच होते. एप्रिल १९७८ मध्ये बा चुक या गावात तीन हजारांवर लोक मारले गेले. डिसेंबरअखेर व्हिएतनामची फौज आत शिरली आणि पंधरवड्यात राजधानी पडली.

व्हिएतनामने सुरक्षा समितीत काय सांगितले? येथे युद्धे दोन आहेत : एक आमचे सीमेच्या रक्षणाचे, दुसरे कंबोडियन जनतेचे. म्हणजे न्येरेरे पुढे जे बोलले तेच, तीन महिने आधी. पॉल पॉटचे पाप अमीनच्या कितीतरी पट मोठे. तरी व्हिएतनामला जगाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. परकी सैन्ये मागे घ्या असा ठराव तेरा मतांनी संमत होत होता, तो रशियाच्या नकाराधिकाराने पडला. या चर्चेत फ्रान्सच्या प्रतिनिधीने सांगितले की, राजवट तिरस्करणीय आहे म्हणून परकी चढाई समर्थनीय ठरते हा विचार फार धोक्याचा आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. फेब्रुवारीत चीनने व्हिएतनामला 'धडा शिकवण्यासाठी' स्वारी केली. आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी तेव्हा चीनमध्येच होते. दौरा अर्धवट टाकून ते परतले.

सर्वांत लाजिरवाणा दिवस २१ सप्टेंबर १९७९ चा. राष्ट्रसंघाच्या आमसभेत कंबोडियाच्या खुर्चीवर कोणी बसावे यावर मतदान झाले. एकाहत्तर विरुद्ध पस्तीस मतांनी ती खुर्ची पॉल पॉटच्या लोकांनाच मिळाली. चौतीस देश तटस्थ राहिले. ज्यांनी आपल्या देशातली शाळा, पोस्ट, बाजार, नाणे सारे मोडून टाकले, त्यांचा प्रतिनिधी न्यूयॉर्कात त्या देशाच्या पाटीमागे बसला. कायद्याच्या नावाने हे झाले, पण कारण कायदा नव्हते. चीनला व्हिएतनाम नको होता, अमेरिकेला चीन हवा होता, थायलंडादी शेजाऱ्यांना व्हिएतनामची धास्ती होती. अमीनच्या पाठीशी गडाफीखेरीज कोणी नव्हते, एवढाच काय तो फरक. भारताने जुलै १९८० मध्ये नॉम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली. त्यावर तेव्हा टीका झाली. माझ्या मते ते योग्य होते.

व्हिएतनामच्या विरुद्धही एक मुद्दा आहे आणि तो टाळता येत नाही. त्याची फौज दहा वर्षे तेथे राहिली. सप्टेंबर १९८९ मध्ये ती निघाली. सुटका करायला आलेला पाहुणा दशकभर ओसरीवर बसून राहिला, तर घरच्यांना त्याच्या हेतूची शंका येणारच. टांझानियाचे सैन्य १९८१ मध्ये परतले, तेही स्वतःच्या दरिद्री तिजोरीवर सुमारे पन्नास कोटी डॉलरचा बोजा घेऊन.

आता फ्रान्सचे ते वाक्य. ज्या २१ सप्टेंबरला आमसभेत हे मतदान झाले, त्याच्या आदल्याच रात्री फ्रेंच छत्रीधारी सैनिक मध्य आफ्रिकेची राजधानी बांगी येथे उतरले आणि त्यांनी बोकासाचे सिंहासन उलटवले. बोकासा तेव्हा लिबियात होता. फ्रान्सने पूर्वीचे अध्यक्ष डेव्हिड डाको यांना पॅरिसहून विमानात घालून आणले, आणि मग या डाकोंनीच फ्रान्सला मदतीस बोलावले, असे जाहीर झाले. यजमानाला बरोबर घेऊन येणारा असा पाहुणा विरळाच.

या बोकासाने डिसेंबर १९७७ मध्ये नेपोलियनच्या थाटात स्वतःला मुकुट घालून घेतला होता, आणि त्या सोहळ्याचा बराचसा खर्च फ्रान्सनेच सोसला होता. त्याचा घडा भरला तो गणवेशावरून. त्याने फर्मान काढले की विद्यार्थ्यांनी ठराविक गणवेश घातलाच पाहिजे, आणि तो गणवेश त्याच्याच घराण्याचा हितसंबंध असलेल्या कारखान्यात तयार होणारा, गरिबाला न परवडणारा. जानेवारी १९७९ मध्ये मुलांनी मोर्चे काढले, गोळीबार झाला. एप्रिलमध्ये मुलांना घराघरांतून उचलून एनगारग्बा तुरुंगात कोंबले गेले. त्यांतली सुमारे शंभर मेली. पाच आफ्रिकी देशांच्या न्यायतज्ज्ञांनी चौकशी केली आणि या हत्यांत सम्राटाचा स्वतःचा हात असणे जवळजवळ निश्चित आहे, असा निष्कर्ष दिला. तेव्हा कोठे फ्रान्सला आपला मित्र ओळखू आला. बांगीतल्या कारवाईवर सुरक्षा समितीने ठराव केला नाही. जानेवारीतल्या त्या वाक्याची आठवणही फ्रान्सला कोणी फारशी करून दिली नाही.

हे तीन दाखले मी एकदा आमच्या शाळेच्या वादसभेत नववी-दहावीच्या मुलांपुढे ठेवले होते. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, शेजारच्या घरात बाप पोरांना मारून टाकतोय, तर दार वाजवून परवानगी मागत बसायचं?" टाळ्या पडल्या. मग एक मुलगा उठला. त्याच्या घरची बोली कानडी. तो सावकाश, शब्द जुळवत मराठी बोलतो. तो म्हणाला, "आमच्या गल्लीत एकच पैलवान आहे. त्याला कुठल्याही घरात शिरायची परवानगी दिली, तर तो रोज एका घरातून ओरडा ऐकू आला म्हणेल." सभा हसली. मुलगी बसली नाही. "मग त्या घरातल्या पोरांनी काय करायचं, ते सांग," असे तिने विचारले. मुलगा गप्प झाला. परीक्षक म्हणून आलेले वकीलसाहेबही चष्मा पुसू लागले.

मुलाने जे सांगितले तेच हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ रोजी निकाराग्वाच्या खटल्यात अमेरिकेविरुद्ध निकाल देताना सांगितले होते : मानवी हक्कांचे रक्षण करण्याचा उचित मार्ग बळाचा वापर हा नव्हे. त्या वेळी न्यायालयाच्या अध्यक्षपदी डुंगरपूरच्या राजघराण्यातले आपले नागेंद्र सिंह होते. मुलीच्या प्रश्नाला जगाने उत्तर द्यायचा प्रयत्न केला तो २००५ साली. राष्ट्रसंघाच्या शिखर परिषदेत सर्व देशांनी मान्य केले की प्रजेचे कत्तलीपासून रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि ते मोडले तर सुरक्षा समितीमार्फत जगाने पुढे यावे. शब्द चांगले होते. २०११ च्या मार्चमध्ये लिबियासाठी ते वापरले गेले. ठराव नागरिकांच्या रक्षणाचा होता, भारत तटस्थ राहिला होता. ऑक्टोबरपर्यंत त्याचा शेवट गडाफीच्या वधात आणि एका देशाच्या चिरफळ्यांत झाला. त्याआधी २००३ साली इराकमध्ये तर सुरक्षा समितीची संमतीही नव्हती, आणि ज्या शस्त्रांसाठी सद्दामला काढला ती सापडलीच नाहीत. तो पैलवान गल्लीत खरोखरच आहे.

आपण स्वतःही या पिंजऱ्यात उभे राहिलो आहोत, हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. डिसेंबर १९६१ मध्ये बेळगाव परिसरात जमलेले सैन्य गोव्यात गेले तेव्हा सुरक्षा समितीत अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन म्हणाले होते की, राष्ट्रसंघाच्या मरणात संपू शकेल अशा नाटकाचा हा पहिला अंक आहे. सैन्य मागे घ्या हा ठराव सात विरुद्ध चार मतांनी, पुन्हा रशियाच्या नकाराधिकाराने पडला. भारताचे प्रतिनिधी चंद्रशेखर झा यांनी मांडलेली बाजू अशी की, गोवा हा भारताचाच वसाहतीखाली अडकलेला भाग आहे, तेथे आक्रमणाचा प्रश्नच येत नाही. मला ही बाजू अमीन-पॉल पॉटच्या प्रकरणांहून वेगळ्या जातीची वाटते. तेथे प्रश्न राजा बदलण्याचा नव्हता, राज्य कोणाचे हा होता. पण एक गोष्ट सारखी आहे. आपणही 'सालाझार जुलमी आहे म्हणून आम्हांला हक्क आहे' असे म्हटले नाही. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आले, कत्तली साऱ्या जगाला दिसत होत्या, तरी ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केल्यावर भारताने भर दिला तो स्वसंरक्षणावर.

म्हणून मला न्येरेरेंच्या त्या दुहेरी युक्तिवादाला ढोंग म्हणवत नाही. माणसे वाचवण्यासाठी कधी कायद्याची मर्यादा ओलांडावी लागते हे मी मानतो. कंपालाच्या रस्त्यांवर त्या दिवशी नाचणाऱ्यांना मी सनदेचे कलम वाचून दाखवणार नाही. मात्र ओलांडणाऱ्याने ओशाळेपणाने ओलांडावी, कारणे द्यावीत, काम संपवून घरी जावे, आणि आपल्यामागे पायवाट पाडू नये. कोसोवो, इराक, लिबिया येथे बलाढ्यांनी नेमकी उलट चाल केली : आधीच्या अपवादाला पुढच्या वेळी दाखला बनवले. २०१४ मध्ये क्रिमिया घेताना रशियाने कोसोवोचाच दाखला दिला.

युगांडाचे पुढे फार बरे झाले असे म्हणता येत नाही. लुले दोन महिन्यांत गेले, डिसेंबर १९८० च्या वादग्रस्त निवडणुकीतून ओबोटे परतले, लुवेरोच्या भागात पुन्हा हत्याकांडे झाली, आणि जानेवारी १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी बंदुकीच्या बळावर आले. ते १९७९ मध्ये टांझानियाच्या फौजेबरोबर लढले होते. त्यांनी हाकललेल्या आशियाई लोकांना मालमत्ता परत घेण्यास बोलावले. आणि २०२१ ची निवडणूकही तेच जिंकले. न्येरेरे मात्र १९८५ मध्ये आपण होऊन अध्यक्षपदावरून उतरले.

ते तिघे हुकूमशहा कोठे गेले? अमीन लिबियातून सौदी अरेबियात गेला आणि ऑगस्ट २००३ मध्ये जेद्दाच्या इस्पितळात वारला. खटला कधी झाला नाही. पॉल पॉट एप्रिल १९९८ मध्ये थायलंडच्या सीमेलगत, जंगलातल्या एका झोपडीत मेला. त्याच्या साथीदारांवर राष्ट्रसंघाच्या मदतीने कंबोडियात खटले चालले, त्यांतल्या खिऊ सांफानचे अपील २०२२ मध्ये निकाली निघाले. बोकासा १९८६ मध्ये आपण होऊन बांगीला परतला. आपले लोक आपल्याला पुन्हा डोक्यावर घेतील असे त्याला वाटले होते. विमानतळावरच त्याला अटक झाली. त्याच्याच देशाच्या न्यायालयात, उघड्या सुनावणीत, महिनोन् महिने साक्षी झाल्या, आणि त्याच्यावरच्या आरोपांत त्या शाळकरी मुलांचे खून होते. जून १९८७ मध्ये त्याला फाशी सुनावली गेली. पुढे ती कमी होऊन १९९३ मध्ये तो सुटला आणि तीन वर्षांनी बांगीतच मरण पावला.